काळी माती कुंडीत का चालत नाही

(गावच्या वाचनालयातल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. घरात झाडं कशी लावावीत हा विषय फलकावर लिहिला, तेव्हा एक मामा मला म्हणाले, "शेती करनाऱ्या गावाले झाड लावनं शिकवता का जी?" प्रश्न रास्त आहे. पण माझं म्हणणं असं, की आपल्याकडे कुंडीतलं झाड मरतं ते बहुतेक वेळा शेतातल्या सवयींपायी. पुण्या-मुंबईच्या माणसाला काहीच ठाऊक नसतं, म्हणून तो नर्सरीवाल्याचं ऐकतो. आपण कोणाचं कशाला ऐकू?

मातीपासूनच सुरू करतो. आपली काळी कसदार जमीन कापसाला, तुरीला, सोयाबीनला उत्तम. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात वावरात पडलेल्या भेगा तुम्ही पाहताच. शेतात तिच्याखाली खोली असते, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं मूळ ओलावा शोधत खाली उतरतं. आठ इंची कुंडीत उतरून जाणार कुठे?

तिथं काय होतं ते नीट पाहा. काळी माती वाळली की कुंडीच्या काठापासून सुटते, उदबत्तीची काडी जाईल एवढी फट पडते. तुम्ही तांब्याभर पाणी ओतता. ते फटीतून सरळ खाली उतरून भोकातून बाहेर येतं. तुम्हाला वाटतं झाड प्यालं. कुंडी उलटी करून ढेकूळ फोडलं तर मधे माती कोरडी ठणठणीत! पावसाळ्यात याच्या उलट. तीच माती आठवडाभर चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. मुळालाही श्वास लागतो. काळी माती ओली झाली की तो कोंडतो.

म्हणून मिश्रण हलकं करा. एक घमेलं माती, शक्यतो लाल किंवा नदीकाठची गाळाची. एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. एक घमेलं जाड वाळू, नाहीतर कोकोपीट. भंडारा-गोंदियाकडे भाताचा तूस मुबलक मिळतो, तोही चालतो. इकडे वऱ्हाडात मळणीनंतर उरलेलं सोयाबीनचं कुटार आहे, पण ते चांगलं कुजलेलंच घ्या. कच्चं कुटार कुजताना मातीतलं नत्र स्वतःच खाऊन टाकतं. शेणखत हाताने चाळून घ्या, त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी निघाली तर कुंडीतल्या मुळांना ती पुरून उरेल.

कुंडी कुंभाराकडची मातीची असली तर उत्तम, ती अंगातून पाणी सोडते. रंगाची रिकामी बादलीही चालेल, मात्र तळाला खिळा तापवून चार-पाच भोकं पाडा. भोकावर खापराचा तुकडा ठेवा, एवढंच पुरे. तळाशी गिट्टीचा थर द्यायची पद्धत सगळीकडे आहे, पण तिचा उपयोग नाही. बारीक माती पुरती भिजल्याशिवाय पाणी जाड गिट्टीत उतरत नाही, त्यामुळे चिखलाचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो.

आता पाणी. एक काकू मघाशी म्हणाल्या, "मी तं रोज पानी देतो जी, तरी पानं पिवयी कायची पडतात?" काकू, रोज देता म्हणूनच पडतात. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर हात आवरा. कोरडं लागलं तर भोकातून पाणी निथळेपर्यंत द्या, आणि बशीत साचलेलं ओतून टाका. मे महिन्यात स्लॅबवरच्या टाकीचं दुपारचं पाणी झाडाला घालू नका, हात भाजतो ते मुळांना काय करेल? सकाळीच भरून ठेवा. पूर्णा खोऱ्यातल्या, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी तर बोअरचं पाणी जपूनच वापरावं. कुंडीवर पांढरा थर आणि पानांची टोकं करपलेली दिसली की क्षार साचले समजा. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरा. आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं पाणी झाडांना घालतात, ते चुकीचं आहे. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

उजेडाचं सांगतो. आपली जुनी घरं जाड भिंतींची, खिडक्या छोट्या. उन्हाळ्याच्या दृष्टीने शहाणपणाची बांधणी. पण माजघरात झाड जगत नाही. डोळा अंधाराला सरावतो, म्हणून आपल्याला उजेड आहे असं वाटतं. दुपारी बाराला, झाड ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि वर वीतभर अंतरावर हात धरा. सावली धूसर पण हाताची वाटली, तर मनीप्लांट, स्नेक प्लांट, झीझी चालेल. सावलीच पडत नसेल तर तिथं प्लास्टिकची फुलं ठेवा, कोणी हसणार नाही. पूर्वेकडची सपरी, म्हणजे ओसरी सर्वांत चांगली. पश्चिमेची खिडकी मे महिन्यात वाईट, आणि टिनाखाली तर झाड उकडून निघतं. कूलरच्या खोलीत ओलसर हवा झाडांना मानवते, फक्त वाऱ्याच्या थेट झोतात कुंडी नको. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा पाणी निम्मं करा. ही बहुतेक झाडं उष्ण प्रदेशातली, त्यांना गारठा सोसत नाही. तुळस मात्र अंगणातच बरी, तिला ऊन लागतं.

खताचा हात आवरा. युरियाची चिमूट कुंडीला चिमूट राहत नाही, मुळं जळतात. फवारणीचं १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत घरात असेल तर लिटरला एक ग्रॅम, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. कडक उन्हाळ्यात आणि थंडीत काही नको.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. तुम्हाला ओळख करून द्यायला नकोच. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसा, दर आठवड्याला. नाहीतर पाच टक्के निंबोळी अर्क. शेडमध्ये ठेवलेलं कपाशीचं औषध घरात फवारायचं नाही म्हणजे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने उघड्या वावरात माणसं दगावली. बंद खोलीत तर बोलायलाच नको.

एक गैरसमज. झाड विकणारा सांगतो, हे हवा शुद्ध करतं, नासाने म्हटलंय. नासाचा अभ्यास १९८९ चा, छोट्या बंद पेट्यांतला. २०१९ साली आधीचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा हिशेब निघाला की दार-खिडक्यांतून खेळणाऱ्या हवेइतकं काम करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, कदाचित हजार. तेवढी झाडं ठेवली तर आपल्यालाच अंगणात झोपावं लागेल. झाड डोळ्यांना बरं वाटतं म्हणून लावा, तेवढं कारण पुरे आहे.

आणि मनीप्लांट लहान लेकरांच्या आणि बकरीच्या तोंडापासून दूर ठेवा. त्याच्या रसातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते.

सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये करा, मे महिन्यात नको. मनीप्लांटच्या काड्या आणि स्पायडर प्लांटची पिल्लं मागच्या टेबलावर आहेत, घरटी एक न्या. मनीप्लांटची काडी पाण्यात ठेवाल तर पेर बुडालं पाहिजे, मूळ तिथूनच फुटतं.