केबलची परतीची वाट

ही सोललेली केबल आपण जवळून पाहत आहोत. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर धातूची जाळी आणि वरून काळे आवरण. अमेरिकेत ही केबल घरोघरी गेली ती टीव्हीचे कार्यक्रम पोहोचवण्यासाठी. तिथली सर्वांत खालची टीव्ही वाहिनी 54 मेगाहर्ट्झपासून सुरू होत असल्याने घराकडून परत येणाऱ्या संदेशांच्या वाट्याला 5 ते 42 मेगाहर्ट्झचा अरुंद पट्टा तेवढा उरला.

केबल कंपन्यांच्या ‘केबललॅब्स’ या संशोधन संस्थेने 1997 मध्ये याच केबलवरून इंटरनेट देणाऱ्या केबल मोडेमसाठी ‘डॉक्सिस 1.0’ हे मानक आणले, तेव्हा अमेरिकेत हाच पट्टा कायम राहिला. त्याची अडचण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे हे दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या पडद्यावर डावीकडे थरथरणाऱ्या या रेघेत दिसते. हेडएंडवरून, म्हणजे केबल कंपनीच्या मुख्य केंद्रावरून, निघालेला संदेश अनेक घरांत वाटला जातो. परतताना मात्र प्रत्येक घरातल्या सैल कनेक्टरमधून आणि फाटक्या जाळीतून शिरलेला गोंगाट एकाच केबलमध्ये साचत जाऊन हेडएंडवर येऊन आदळतो. तंत्रज्ञाने कनेक्टर जरासा सैल केला आणि पाहा, रेघ वर चढली.

1999 च्या 1.1 आवृत्तीने फोनवरच्या संभाषणाला इतर माहितीच्या आधी वाट करून दिली. 2001 च्या 2.0 आवृत्तीने परतीची वाहिनी 3.2 ऐवजी 6.4 मेगाहर्ट्झपर्यंत रुंद केली आणि तिच्यावरचा वेग सेकंदाला सुमारे 10 मेगाबिटवरून 30 वर नेला. एवढ्या मोलाच्या या कामाची व्हावी तशी दखल घेतली गेली नाही. 2006 च्या 3.0 ने अनेक वाहिन्या एकत्र जोडल्या.

ठिपक्यांची ही दाट जाळी 2013 च्या 3.1 आवृत्तीची आहे. यातला प्रत्येक ठिपका म्हणजे संदेशाचे एक वेगळे रूप, बिटांचा एक ठरावीक गट. पूर्वीच्या 256 ठिपक्यांच्या जागी इथे 4096 ठिपके मावतात, म्हणजे एका वेळी 8 ऐवजी 12 बिट जातात. ठिपके इतके जवळ आल्यावरही ते ओळखता यावेत, म्हणून चुका दुरुस्त करण्याची अधिक समर्थ पद्धत तिच्यासोबत आली. याच आवृत्तीने परतीचा पट्टा 204 मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्याची मुभा दिली.

मुभा मिळाली, तरी खांबावरचे ॲम्प्लिफायर जुनेच होते. झाकण उघडल्यावर दिसणारा हा डायप्लेक्स फिल्टर जाण्यायेण्याच्या दिशा वेगळ्या करतो आणि 42 च्या वरचे परतीचे संदेश अडवतो. 2020 मध्ये घरोघरी व्हिडिओ कॉल सुरू झाले आणि ही अडवणूक लोकांना जाणवली. डॉक्सिस 4.0 मध्ये परतीची हद्द 684 मेगाहर्ट्झपर्यंत आणि वेग सेकंदाला 6 गिगाबिटपर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी खांबाखांबावर चढून हा फिल्टर बदलावा लागतो.