परत येणाऱ्या वस्तूचा रकाना

(इतिहासप्रेमींच्या एका मेळाव्यातील भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'परदेशातून पुरावस्तू आणताना: कायदा आणि कस्टम्स'. तो मी सांगणारच आहे, कागदांच्या यादीसकट. पण आत येईपर्यंत पाच जणांनी अडवून रघुजीराजांच्या तलवारीबद्दल विचारलं, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात ती तलवार निघाली. सरकारला स्वतः बोली लावता येत नव्हती, म्हणून मध्यस्थ उभा केला आणि वाहतूक, विमा सगळं धरून ४७ लाख १५ हजारांत ती महाराष्ट्राला मिळाली. १८ ऑगस्टला मुंबईत आली. ढोलताशे वाजले, ते वाजायलाच हवे होते. तिच्या पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने कोरलंय, 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. पातं युरोपातलं, म्हणून 'फिरंग'; आणि 'सेनासाहेबसुभा' या किताबासकट नाव नागपूरकर भोसल्यांचं. त्या काळी युरोपातली पाती आपल्या बंदरांवर उतरत आणि इथले कारागीर त्यांना मूठ बसवत.

माझा जन्म गेला कस्टम हाउसच्या खिडकीशी. लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या आम्हाला पूर्वी कस्टम हाउस एजंट म्हणत, आता कस्टम ब्रोकर म्हणतात. त्यामुळे बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आली ती बिल ऑफ एंट्री. आयात मालाचा हा मुख्य कागद. त्यात एक रकाना असतो, माल मूळ कुठल्या देशाचा. त्याच्याशेजारी दुसरा, माल कुठल्या देशातून पाठवला. दुसऱ्याचं उत्तर सोपं, ब्रिटन. पहिल्यात काय लिहायचं? पातं युरोपचं आहे आणि तलवार आपली आहे.

मी भारत लिहीन. पण भारत लिहिलं म्हणून काही हाती लागत नाही, आणि आज मला जे बोलायचंय ते हेच. आपल्या कायद्यात येणाऱ्या मालाला कागद आहे, जाणाऱ्या मालाला कागद आहे. दोनशे वर्षांपूर्वी नेलेली वस्तू घरी परत येते, तिला रकाना नाही.

तुम्ही म्हणाल, फेरआयातीची तरतूद आहे की! आहे. सीमाशुल्क अधिनियम १९६२, कलम २०. इथून निर्यात झालेला माल परत आला तर तो एरवीच्या आयात मालासारखाच धरायचा. २०१७ च्या अधिसूचनेने त्यात सवलत दिली, पण माल निर्यातीपासून तीन वर्षांत परत यायला हवा. मुदत वाढवून मिळाली तरी पाच वर्षं. शिवाय गेलेला माल तोच हा, हे पटवायचं. १८१८ साली पुण्यातून कुणी शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कागद, फाडून माल नेला होता? (हशा) हसू येतं खरं, पण हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय. ती हकीकत सांगतो. थोडी लांबेल.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या एका स्नेह्यांना तिथल्या गावठी लिलावात मोडी कागदांचं एक गाठोडं मिळालं. दख्खनेत नोकरी केलेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या घरचा तो पसारा. त्याच्या पुढच्या पिढीतलं कुणी इकडे होतं, म्हणून त्यात १९३० च्या आसपासचेही काही कागद. किंमत अगदी किरकोळ. मोडी म्हणजे काय हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. हे गाठोडं महाराष्ट्रातल्या एका संस्थेला फुकट द्यायचं, एवढीच त्यांची इच्छा. पार्सल मुंबईला एअर कार्गोत उतरलं आणि तिथेच बसलं.

पहिली क्वेरी वर्गीकरणाची. हाताने लिहिलेला मजकूर म्हणून शुल्काच्या तक्त्यातलं शीर्षक ४९०६? ऐतिहासिक संग्रहाची वस्तू म्हणून ९७०५? की शंभर वर्षांवरची पुरावस्तू म्हणून ९७०६? तिन्हींची बाजू मांडता येते. दुसरी क्वेरी वयाची. शुल्काच्या तक्त्यात पुरावस्तू म्हणजे शंभर वर्षांहून जुनी. आपल्या पुरावशेष आणि कला निधी अधिनियम १९७२ मध्येही शंभरच, पण हस्तलिखितं आणि दस्तऐवजांना पंचाहत्तर. म्हणजे त्याच गाठोड्यातला १९३० चा कागद एका कायद्याने पुरावशेष आणि दुसऱ्या कायद्याने नुसता जुना कागद! आणि शंभरच्या आतली जुनी वस्तू वापरलेला माल ठरली तर तिच्या आयातीवर निर्बंध, परवाना आणा.

वयाचा पुरावा काय, तर कागदावरची तारीख. तपासणीला बसलेला अधिकारी तरुण, दुसऱ्या प्रांतातला, अतिशय सभ्य. तो म्हणाला, साल दाखवा. मी बोट ठेवलं: 'सु॥ समान अशर मयातैन व अलफ'. आठ, दहा, दोनशे आणि हजार, म्हणजे मराठी दप्तरांतल्या जुन्या कालगणनेचं, शुहूर सन १२१८. त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवले की १८१७-१८. खडकीची लढाई ते पेशवाईचा शेवट, हे ते वर्ष! तो पोरगा खुर्चीवरून उठून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, पुन्हा वाचा. इतिहासाची ओढ माणसाला कुठेही लागते हो. पण फाइलवर त्याला लिहावं लागलं की एजंटने वाचलेलं ग्राह्य धरता येत नाही. बरोबरच आहे, उद्या कुणीही काहीही वाचून दाखवेल. मग मोडी जाणकाराचं पत्र आणा, ते पत्र कुणाच्या लेटरहेडवर हवं ते विचारा, दरम्यान शनिवार-रविवार.

तिसरी क्वेरी सर्वांत जिव्हारी लागली. सार्वजनिक संग्रहालयात लोकांना दाखवण्यासाठी आणलेल्या कलावस्तू आणि पुरावस्तूंना शुल्कमाफी असते. २०११ च्या अर्थसंकल्पाने ती लोकांना खुल्या असलेल्या खासगी दालनांपर्यंत वाढवली. फार चांगलं पाऊल होतं ते. पण आमच्या संस्थेत कागद भिंतीवर लावत नाहीत, वाचतात! अधिकाऱ्याचा प्रश्न असा की माफी प्रदर्शनाला आहे, वाचनाला कुठे आहे? शेवटी शुल्क भरून माल सोडवला. तोवर गोदामाचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, लिलावातल्या किमतीच्या पुढे गेलं होतं. त्या स्नेह्यांनी नंतर फोनवर मला सांगितलं की तिथे अजून एक गाठोडं दिसलंय, पण या वेळी ते तिथल्याच वाचनालयाला देतायत. मित्रहो, तो फोन मी विसरलेलो नाही.

यात कुणी लाच मागितली नाही, कुणी उर्मटपणा केला नाही. प्रत्येकाने आपापलं कलम पाळलं. दोष रकान्याचा आहे.

दुसरी बाजूही बोलून टाकतो. १९७२ च्या कायद्यातली पुरावशेषाची व्याख्या वस्तू कुठे घडली हे विचारतच नाही. तुम्ही पॅरिसहून दीडशे वर्षांचं घड्याळ हौसेने आणलंत तर ते इथे पुरावशेष झालं, आणि कलम ३ प्रमाणे पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला. चोरट्या निर्यातीला आळा घालायला हे कडक कलम हवंच. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनचा चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियात विकला गेला आणि २०१४ ला परत आला, ते विसरता येणार नाही. पण ज्याच्याकडे न्यू जर्सीत शंभर उत्तम मराठाकालीन नाणी आहेत, तो ती दाखवायलाही इकडे आणायला कचरतो, कारण परत नेता येतील याची हमी त्याला कुणी देत नाही. वाघनखं लंडनच्या संग्रहालयाकडून ठरावीक मुदतीच्या करारावर साताऱ्याला आली, कारण दोन्हीकडे सरकारं आणि संस्था होत्या. एकट्या माणसाने काय करायचं?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं आहेत म्हणतायत. मग यादी घेतो, लिहून घ्या.

वस्तू विकत घेण्याआधी ती तिथे कशी आली याचे कागद मागा. हे टाळू नका. पत्तूरच्या नटराजाच्या खटल्यात विक्रेत्याने दिलेला पूर्वेतिहास खोटा निघाला. मूर्तीवरची माती आणि वाळवीच्या खुणासुद्धा कोर्टापुढे आल्या, आणि १९९१ मध्ये लंडनच्या अपील कोर्टाने तमिळनाडूतल्या देवळाचा हक्क मान्य केला. घेणाऱ्याचे पैसे गेले. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, भारत त्यात १९७७ पासून आहे. वस्तू १९७० च्या आधीपासून बाहेर असल्याचा पुरावा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

पुढे, तिकडचा निर्यात परवाना. ब्रिटनमधून पन्नास वर्षांवरचं हस्तलिखित कितीही स्वस्त असलं तरी परवाना लागतो, अर्ज आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडे.

तिसरं, इनव्हॉइस. लिलावातली बोली, वर लिलावघराची दलाली, वाहतूक, विमा, सगळं खरं दाखवा. 'जुने कागद, मूल्य शून्य' असं भलेपणाने लिहून पाठवणारे नातेवाईक असतात, त्यांना आधी थांबवा. चुकीची घोषणा म्हणजे जप्ती आणि दंड. शुल्काबरोबर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, येतो. पुरावस्तूंवर तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला.

वयाचा दाखला वस्तू निघण्यापूर्वी तज्ज्ञाकडून, फोटोसह. रत्नं आणि मोती कितीही जुने असले तरी ९७०६ मध्ये बसत नाहीत.

शस्त्र असेल तर नऊ इंचांवरचं पातं शस्त्र नियमांत येतं. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधली पुरातन शस्त्रांची सूट आपल्या वस्तूला लागू पडते का, ते आधी लेखी विचारून घ्या. मूठ हस्तिदंताची असेल तर वन्यजीव कायदा आणि दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरचा साइटीस करार दोन्ही आड येतात. ती वस्तू पाठवूच नका, आधी सल्ला घ्या.

इथे आल्यावर मूर्ती, चित्र, सचित्र हस्तलिखित असेल तर पुरातत्त्व विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणी. विकायचं असेल तर परवाना वेगळा.

आता माझी मागणी, थोडक्यात. मुंबईच्या विमानतळावर आणि न्हावाशेव्याला पुरातत्त्व विभागाचा एक जाणकार आणि कस्टम्सचा एक ॲप्रेझर, म्हणजे मालाचं मूल्य तपासणारा अधिकारी, एकत्र बसवा. परत आलेल्या वस्तूचं वय आणि मूळ ते ठरवतील, आणि ती संशोधनासाठी असो की प्रदर्शनासाठी, संस्थेला माफी मिळेल. आणि खासगी संग्राहकाला प्रवेशाच्या वेळीच असं प्रमाणपत्र द्या की फोटोतली हीच वस्तू अमुक मुदतीत परत नेता येईल.

निवेदनाचा मसुदा मागच्या टेबलावर आहे. सही करताना आपल्या संस्थेचं नाव आणि तिथे मोडी वाचणारं कुणी असेल तर तेही लिहा. ज्यांची पार्सलं सध्या अडकलीत त्यांनी बिल ऑफ एंट्रीचा नंबर घेऊन चहाच्या वेळी मला गाठा.