शिंगाड्याच्या सालीवरचा जंत

श्रोतेहो, नमस्कार. बाजारात ओले शिंगाडे आले की घरी पोचेपर्यंत धीर निघत नाही. टोकं सांभाळत दातांनी साल सोलायची, की पांढरा गर तोंडात. आजची गोष्ट त्या सालीवरची आहे.

1843 साली लंडनमध्ये खलाशांच्या रुग्णालयात एक भारतीय खलाशी वारला. जॉर्ज बस्क या सर्जनला त्याच्या लहान आतड्यात मांसल, चपटे, पानाच्या आकाराचे जंत सापडले. पुढे या जंताला त्याचंच नाव चिकटलं: फॅसिओलॉप्सिस बस्की. हा पर्णकृमी सात सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि डुकराच्या आतड्यातही तितक्याच सुखानं राहतो. आपल्याकडे पालघर तालुक्यातही या जंताचा अभ्यास झाला आहे.

विष्ठेबरोबर अंडी तळ्यात जातात, त्यातून निघालेली अळी गोगलगायीत शिरते. तिथे ती एकटीच, नर-मादीच्या भानगडीशिवाय, स्वतःच्या नकला काढत सुटते. गोगलगायीतून बाहेर पडलेली ही पिल्लं शिंगाड्याच्या सालीवर कोश करून बसतात, आणि साल दातांनी सोलताना ते कोश पोटात जातात. त्यामुळे एकाच पोटातून वीस जंत निघाले, तरी ते वीस वेगळ्या वंशांचे असतीलच असं नाही. कदाचित सगळी जुळी भावंडं!

मग डुकरातला जंत आणि पोराच्या पोटातला जंत एकाच वंशाचे का? नुसतं पाहून ते सांगता येत नाही, डीएनए वाचावा लागतो. रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, जनुकांजवळचा एक तुकडा सावकाश बदलतो, तो जात ओळखायला बरा. मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, डीएनए भराभर बदलतो, त्यावरून घराणी ओळखता येतात. भारतातल्या आणि चीनमधल्या जंतांचा हा डीएनए शेजारी ठेवला, तर फरक एवढा मोठा दिसला की एकाच नावाखाली दोन जाती लपल्या असाव्यात अशी शंका संशोधकांना आली. दिसायला मात्र दोन्ही सारखेच.

हा उद्योग फक्त जंतांना नावं देण्यासाठी नाही. डुकरांत आणि मुलांत एकच घराणं फिरत असेल, तर मुलांना प्राझिक्वांटेल या जंतावरच्या औषधाची गोळी देऊन थांबता येत नाही. डुकरांची घाण तळ्यात उतरतेच आहे, आणि पुढच्या हंगामात पोरं पुन्हा त्याच तळ्यातले शिंगाडे दातांनी सोलणार.

उकडलेल्या शिंगाड्यावरचा कोश मरतो. आमच्या घरी आता ओला शिंगाडा आधी उकळत्या पाण्यात जातो. तो कच्चा करकरीतपणा जातो, हे मात्र कबूल करायला हवं.