हेलिकॉप्टर येईपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

एक ब्रिगेड राजस्थानच्या मैदानात मोर्चे खोदून बसली आहे असं धरून चला. तीन पलटणी, सोबत इंजिनियर, सिग्नल, तोफखान्याची साथ, सगळी मिळून तीन-साडेतीन हजारांची फौज. समोरून रणगाडे येणार अशी खबर आहे. त्यांना अडवायचं कुणी? टीव्हीवरच्या चर्चेत उत्तर ठरलेलं असतं: अपाचे हेलिकॉप्टर बोलवा, काम फत्ते! मला नेमकं उलटं सांगायचं आहे. रणगाडा अडवतो तो जमिनीवरचा जवान. हेलिकॉप्टर येतं, वार करतं आणि निघून जातं. जमीन धरून बसणं त्याला जमत नाही, आणि ब्रिगेडची योजना हे मान्य करूनच आखावी लागते.

नागपूरकरांना हा विषय तसा परका नाही. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, आणि वर्ध्याकडे निघालात की पुलगावचं दारूगोळा भांडार.

आधी जमिनीवरची हत्यारं पाहू. सगळ्यात पुढे सुरुंग. रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या वजनाने फुटत नाही, त्यावर वाहनाचा भार पडावा लागतो. पण सुरुंगांचं खरं काम रणगाडा उडवणं नसतंच. रणगाड्याचा वेग मोडावा, त्याला वाट बदलायला लावावी आणि त्याची कूस आपल्याकडे वळावी, यासाठी ते पेरलेले असतात. ज्या सुरुंगपट्ट्यावर आपल्या हत्यारांची नजर नाही, तो शत्रूचे इंजिनियर निवांतपणे साफ करतात. हे पुस्तकात सगळे वाचतात आणि मैदानात घाई झाली की हमखास विसरतात.

त्यामागे क्षेपणास्त्रं. आपल्याकडे वर्षानुवर्षं दोन चालत आली: रशियन घडणीचं कोंकुर्स, पल्ला 4 किलोमीटर, आणि फ्रेंच घडणीचं मिलान, पल्ला साधारण 2 किलोमीटर. दोन्हींच्या शेपटीतून बारीक तार सुटत जाते. नेमबाजाने दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरून ठेवायची, बाकीच्या दुरुस्त्या यंत्र तारेतून पाठवतं. ऐकायला सोपं आहे. पण कोंकुर्सला 4 किलोमीटर कापायला 20 सेकंदांच्या आसपास लागतात. ताशी 36 किलोमीटर वेगाने येणारा रणगाडा तेवढ्यात 200 मीटर सरकतो. वाटेत टेकाड आलं आणि तो त्यामागे गेला, तर क्षेपणास्त्र वाया. तार झुडपात अडकली, पाण्यात पडली किंवा विजेच्या तारांवर लोंबकळली, तरी वाया. म्हणून ठाणं निवडताना नकाशा बघून भागत नाही. नेमबाजाच्या डोळ्याच्या उंचीवर, जमिनीवर पोटावर पडून, शेवटच्या मीटरपर्यंत मारा करायची वाट दिसते का, ते तपासावं लागतं.

दुसरी अडचण अशी की सोडताना धूर आणि धूळ उडते, आणि ठाणं कुठे आहे ते शत्रूला कळतं. 1973 च्या युद्धात सिनाईत इजिप्तच्या पायदळाने माल्युत्का क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाड्यांना सुरुवातीला चांगलंच झोडपलं. इस्रायलींनी उपाय शोधला तो क्षेपणास्त्रावर नव्हे, नेमबाजावर. जिथून धूर दिसेल तिथे मशीनगन आणि तोफांचा मारा. नेमबाजाने मान खाली घातली की क्षेपणास्त्र भरकटलं. तेव्हा ठाणं समोरासमोर कधीच नको. उंचवट्याच्या मागच्या उतारावर, बाजूने मारा होईल असं हवं. रणगाड्याचं सगळ्यात जाड चिलखत समोर असतं, कुशीला ते बरंच पातळ होतं. एक-दोन क्षेपणास्त्रं सोडली की जागा बदलायची. पर्यायी खड्डा आधीच खणलेला नसेल तर ती बदली कागदावरच राहते. कोंकुर्सचं नळीसकट एक क्षेपणास्त्र 25 किलोच्या घरात, शिवाय स्टँड 20 किलोंच्या वर. हे सामान पाठीवर घेऊन वाळूत 300 मीटर धावणं म्हणजे काय, याचा हिशेब योजनेत धरावा लागतो.

सगळ्यात जवळचं हत्यार म्हणजे खांद्यावरून डागायचं 84 मिमी कार्ल गुस्टाफ, जवानांच्या बोलीत आरएल, म्हणजे रॉकेट लाँचर. रणगाड्यावर मारा काहीशे मीटरच्या आतूनच. याचा स्फोट मागेही तितकाच निघतो. पाठीमागे भिंत, मातीचा बांध किंवा आपलाच सोबती असेल तर इजा आपल्याच माणसाला. बंद खोलीतून नेहमीचा गोळा कधीच मारायचा नाही.

या हत्यारांचा गोळा चिलखत फोडतो कसा? आत तांब्याचा पोकळ शंकू आणि त्यामागे स्फोटक. स्फोट झाला की शंकू आतल्या आत मिटतो आणि तांब्याचा झोत पुढे निघतो. त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला काही किलोमीटर. नळीच्या जोरदार पाण्याने चिखलात भोक पडावं, तसा हा झोत पोलादात शिरतो. पण त्याला बनायला ठराविक अंतर लागतं. चिलखतावर स्फोटक विटा लावल्या की त्या फुटून झोत विस्कटतो. म्हणून नव्या क्षेपणास्त्रांत मागोमाग दोन स्फोटकं असतात. पहिलं विटेसाठी, दुसरं पोलादासाठी.

आपल्या नाग क्षेपणास्त्राने तारेचा प्रश्न मिटवला. त्याच्या नाकात उष्णतेचं चित्र पाहणारा डोळा आहे. सोडण्याआधी लक्ष्य पकडायचं, सोडायचं आणि जागा बदलायची. पल्ला 4 किलोमीटर, आणि वार वरून, टपावर, जिथे चिलखत पातळ असतं. ते बीएमपी या पायदळाच्या चिलखती वाहनाच्या चासीवर बांधलेल्या नामिका वाहनातून सुटतं. 22 ऑक्टोबर 2020 ला पोखरणला खऱ्या स्फोटकासह त्याची शेवटची चाचणी झाली. अशा डोळ्याची अडचण वेगळी. वाळवंटात दिवसातून काही वेळा रणगाडा आणि तापलेली जमीन जवळपास एकाच तापमानाला येतात, आणि चित्रातून लक्ष्य पुसलं जातं. त्या घटकेला तारवालं जुनं हत्यारच कामी येतं. म्हणून जुनं सगळं भंगारात काढायची घाई मला पटत नाही.

आता हेलिकॉप्टर. त्याची पहिली कामगिरी डोळ्याची: चीता, ध्रुव यांच्यातून पाहणी आणि तोफांचा मारा दुरुस्त करणं. दुसरी कामगिरी हमालाची, आणि माझ्या मते ब्रिगेडसाठी हीच सगळ्यात मोलाची. एमआय-17 मध्ये दोन डझन सशस्त्र जवान जातात. माणसं कमी केली तर क्षेपणास्त्रांची ठाणी सामानासकट उचलून, रणगाडे जिकडे वळतील तिकडे अर्ध्या तासात नेऊन टाकता येतात. 1971 च्या डिसेंबरात मेघना नदी ओलांडताना एमआय-4 हेलिकॉप्टरांनी पलटणी पलीकडे नेल्या, तीच ही कामगिरी.

तिसरी कामगिरी हल्ल्याची, आणि इथे यंत्रायंत्रांत फरक आहे. रुद्र आणि प्रचंड या आपल्याकडच्या हेलिकॉप्टरांवरची 20 मिमी तोफ आणि 70 मिमी रॉकेटं ट्रक, तोफा, हलकी चिलखती वाहनं फोडतील, रणगाड्याचं पुढचं चिलखत नाही. त्यासाठी क्षेपणास्त्र हवं: अपाचेवरचं हेलफायर, किंवा नागचंच हवाई रूप हेलिना, पल्ला 7 किलोमीटर. अपाचेवर 16 हेलफायर बसतात. लाँगबो प्रकारात रडार पंख्याच्याही वर बसवलेलं असतं, म्हणून झाडीमागे लपून नुसतं डोकं वर काढून पाहता येतं.

पण 16 घेऊन ते दरवेळी उडेलच असं नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 वर गेला की सोनेगावच्या विमानतळावरची हवा किती विरळ होते? विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर. तिथे प्रमाण तापमान 13 अंश धरतात, म्हणजे फरक 32 अंशांचा, आणि दर अंशाला उंचीत साधारण 36 मीटर वाढवायचे. बेरीज येते दीड हजार मीटरच्या जवळपास. म्हणजे पंख्याला आपण चिखलदऱ्याहून उंच आहोत असंच वाटतं. त्यात इंजिनाची ताकदही घटते. मग क्षेपणास्त्रं कमी करायची की इंधन, एवढाच पर्याय उरतो. जैसलमेरकडचं मैदान उन्हाळ्यात याहून दयाळू नाही.

इंधन संपलं की परत जावं लागतं, म्हणून मागे काही किलोमीटरवर इंधन आणि दारूगोळ्याचं ठाणं लागतं. अपाचेच्या टाक्यांत 1400 लिटरच्या आसपास इंधन मावतं. चार हेलिकॉप्टरांच्या एका भरणीला साडेपाच हजार लिटर, आणि पूर्ण क्षेपणास्त्रं भरायची तर 64 नग, म्हणजे तीन टन. इंधनाचा पाइप लावण्याआधी अर्थिंगची तार जोडायची, नाहीतर घर्षणाची वीज ठिणगी टाकते. रॉकेट भरताना हेलिकॉप्टरचं नाक मोकळ्या दिशेला. जमीन भुसभुशीत असेल तर उतरताना धुळीत वैमानिकाला काहीच दिसत नाही, आणि युद्धाविना हेलिकॉप्टर जातं.

राजस्थान सीमेवरच्या लोंगेवालाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तिच्यातलं वेळापत्रक मात्र कमी सांगितलं जातं. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री पंजाब रेजिमेंटच्या 23 व्या पलटणीची एक कंपनी, जीपवरच्या 106 मिमी आरसीएल, म्हणजे धक्का न देणाऱ्या तोफा आणि काटेरी तार, एवढ्यावर ठाणं टिकलं. जैसलमेरची हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती. ती उजाडल्यावर आली आणि पाकिस्तानी रणगाडे टिपले, कृषक नावाच्या छोट्या विमानातून तोफखान्याचा अधिकारी त्यांना वाट दाखवत होता. रात्रीचे ते तास जमिनीवर काढले नसते, तर सकाळी वाचवायला ठाणंच उरलं नसतं.

उलट उदाहरण 24 मार्च 2003 चं. इराकमध्ये करबलाजवळ अमेरिकी अपाचेंचा ताफा एकट्यानेच खोलवर गेला. खालून बंदुका आणि हलक्या तोफांचा असा मारा झाला की एक हेलिकॉप्टर पडलं, बहुतेक सगळी भोकं घेऊन परतली. आधी तोफखान्याने वाटेवरचा शत्रू दाबून धरायचा असतो, तिथे तो पुरेसा दाबलाच गेला नव्हता.

आता या आकाशात ड्रोनही आलं आहे. नागपुरात बनलेलं नागास्त्र-1 सैन्याला जून 2024 मध्ये मिळू लागलं. त्याचं स्फोटक साधारण 1 किलोचं. त्याने रणगाडा फुटणार नाही. पण रडार, इंधनाचा टँकर, उघड्यावरचा तोफेचा संच निकामी होतो. यातून ब्रिगेड मुख्यालयाची डोकेदुखी वाढते: एकाच पट्ट्यात आपले तोफगोळे, आपली ड्रोन आणि आपली हेलिकॉप्टरं. कुणी कोणत्या उंचीवर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे हेलिकॉप्टर उडण्याआधी तोफखान्याच्या प्रत्येक बॅटरीला, म्हणजे तोफांच्या तुकडीला, कळलेलं असलं पाहिजे. त्या वेळेत त्या पट्ट्यावरून तोफेचा मारा बंद. हेलिकॉप्टर उशिरा आलं तर वेळ नव्याने कळवायची आणि प्रत्येक बॅटरीकडून उलट निरोप घ्यायचा. तो आल्याशिवाय हेलिकॉप्टर पुढे सोडायचं नाही.

नमस्कार.