साडेपाचची शेवटची लाँच

नमस्कार मंडळी. मी घारापुरीची. म्हणजे माहेर माझं उरणच्या बाजूचं, पण लग्न होऊन आले त्याला आता सोळा वर्षं होतील, त्यामुळे घारापुरीचीच म्हणायचं. आता घारापुरी म्हटलं की समोरचा माणूस दोन सेकंद गप्प होतो, आणि मग एलिफंटा म्हटलं की लगेच, अरे हां, आमची शाळेची सहल गेलेली, पण तिकडे माणसं पण राहतात का?

राहतात हो. तीन गावं आहेत, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर, मिळून हजार-बाराशे माणसं, आमची ग्रामपंचायत आहे, तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबई समोर दिसते पण आम्ही मुंबईचे नाही. आणि एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी ठेवलेलं, किनाऱ्यावर दगडाचा मोठा हत्ती होता म्हणून, आता गंमत अशी की तो हत्ती आमच्याकडे नाहीच आहे, तो भायखळ्याला राणीच्या बागेजवळ भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात उभा आहे. लोक येऊन मला स्टॉलवर विचारतात ताई हत्ती कुठेय, मी म्हणते तुम्ही जिथून आलात तिकडेच.

हां, स्टॉल. लेण्यांकडे जायच्या पायऱ्या आहेत ना, शंभर-सव्वाशे, त्याच्या दोन्ही बाजूला प्लास्टिकचे निळे कागद लावलेली दुकानं, त्यातलं एक आमचं. माळा, टोप्या, दगडाचे छोटे हत्ती, बाजूला टोपलीत सीझनप्रमाणे कैरी, चिंचा, बोरं, करवंदं. माळा इथे बनतात का असं विचारतात तेव्हा मी खरं सांगते, नाही हो, मुंबईतून होलसेल आणतो, पण करवंदं इथलीच आहेत, सकाळी सासूबाईंनी काढलीत, हात बघा त्यांचे ओरखडलेले. मग माळ पण घेतात आणि करवंदं पण. करवंदं पायरी चढेपर्यंत टिकली तर, कारण वर माकडं बसलेली असतात आणि त्यांना पिशवीचा आवाज आपल्यापेक्षा आधी ऐकू येतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण फिरवून उघडणारं माकड मी रोज बघते.

लेणी सोमवारी बंद असतात. त्यामुळे आमचा रविवार म्हणजे सोमवार. बँकेची कामं सोमवारी, दाताचा डॉक्टर सोमवारी, मुलगी बघायला जायचं तर सोमवारी, माझ्या नणंदेची हळद सोमवारी ठेवलेली कारण नाहीतर निम्मं गाव धंद्यावर. माहेरचे लोक पहिली दोन-तीन वर्षं रविवारी फोन करून म्हणायचे ये गो जेवायला, मटण आणलंय, आणि मी इकडे टोप्या विकतेय. आता त्यांना पाठ झालंय.

पण खरं सांगू का, आमच्याकडे वार-बिर नंतर, दिवसाचेच दोन भाग आहेत. एक साडेपाचच्या आधीचा आणि एक नंतरचा. साडेपाचला शेवटची लाँच गेटवेला जाते आणि बाहेरच्या माणसाला बेटावर रात्री राहायची परवानगी नाही, त्यामुळे ती लाँच भोंगा देऊन सुटली की एकदम, म्हणजे टीव्हीचा आवाज कोणीतरी म्यूट करावा तसं होतं. निळे कागद गुंडाळायचे, माल झाकायचा, आणि मग आम्ही बायका पायऱ्यांवर दहा मिनिटं नुसत्या बसतो. दिवसभर तिथून हजारो पाय जातात, त्या वेळेला फक्त आमचे. कोणाचा हिशोब चालू, कोण पोराला ओरडतंय, कोण ओहोटी कधीची आहे ते विचारतंय कारण नवरा अजून पाण्यात आहे. माझा सगळ्यात आवडता टाईम हाच.

आता लाईटचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय घारापुरीचं काहीच कळणार नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा बेटावर लाईट नव्हती. म्हणजे जनरेटर होता, संध्याकाळी सात वाजता सुरू व्हायचा, दहाच्या पुढेमागे बंद. तेवढ्या तीन तासात मिक्सर, इस्त्री, मोबाईल चार्जिंग, पोरांचा अभ्यास, सासूबाईंची सिरियल, सगळं. मी नवीन नवरी, मला सवय नव्हती, वाटण वाटत होते आणि मधेच मिक्सर थांबला, मला वाटलं बिघडला, मी घाबरून सासूबाईंकडे बघते तर त्या अंधारातच म्हणाल्या, "दहा वाजले गो, आता पाट्यावर वाट." आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलं की समोर मुंबई नुसती झगमगतेय, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवाचं बंदर, 1989 ला सुरू झालेलं, तिथल्या क्रेनचे दिवे रात्रभर चालू, आणि मधे आम्ही पंखा नाही म्हणून पुठ्ठ्याने वारा घेतोय. राग यायचा खूप. आता हसायला येतं, तेव्हा राग यायचा.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये एक झालं. आमच्या बाजूलाच बुचर आयलंड आहे, जवाहर द्वीप, तिथे तेलाच्या मोठ्या टाक्या आहेत. पाऊस परतीचा, गडगडाट चालू, आणि त्यातल्या डिझेलच्या टाकीवर वीज पडली. आग लागली ती दोन-तीन दिवस धुमसत होती, रात्री आमच्या ओट्यापर्यंत लाल उजेड. सगळे घाबरलेले, पोरं झोपेनात, आणि माझे चुलत सासरे एकदम बोलले, "सत्तर वर्षं वीज मागतोय, आली ती पण शेजारी पडली." त्या भीतीत पण सगळे हसले. आणि खरंच सांगते, पुढच्या चार-पाच महिन्यांत, 2018 च्या फेब्रुवारीत, आमच्याकडे लाईट आली, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. मुख्यमंत्री आले होते, भाषणं वगैरे झाली, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. मला त्यातलं आठवतं ते एवढंच की त्या रात्री दहा वाजले, सगळे घड्याळाकडे बघतायत, सव्वादहा झाले, साडेदहा, आणि लाईट गेलीच नाही. पोरं एक वाजेपर्यंत नाचत होती. आणि आमच्या सासूबाई बरोबर दहाला आडव्या झाल्या. अजूनही होतात. आठ वर्षं झाली तरी साडेनऊला त्यांची गडबड सुरू, पाणी भरून ठेव, अंथरूण घाल, दहा वाजतील.

मग फ्रिज आला घरात. आता फ्रिज म्हणजे तुम्हाला काय विशेष, पण मासेमारीवाल्या घरात फ्रिज नसणं म्हणजे काय ते ऐका. पाण्यातून आलेलं आजच खायचं, नाहीतर वाटायचं, नाहीतर मीठ लावून उन्हात टाकायचं. त्यामुळे कोणाला जास्त मिळालं की चार घरी वाटा जायचा, निवट्या, चिंबोऱ्या, कोलीम, जे असेल ते, आणि वाटी कधी रिकामी परत यायची नाही. आता प्रत्येकाच्या घरी डबे भरून फ्रीझरमध्ये. सोय झाली हे खरंच आहे, मी नाही म्हणणार नाही, मला कोणी फ्रिज काढून टाक म्हटलं तर मी भांडेन. पण वाट्या फिरायच्या कमी झाल्या एवढं मात्र आहे. सासूबाईंनी पहिले सहा महिने फ्रिजमधला मासा खाल्लाच नाही, म्हणायच्या थंड मेलेला आहे. मी म्हटलं आई, मेलेलाच असतो ना. तर म्हणे नाय गो, तो वेगळा मेलेला.

पावसाळ्याची तयारी मात्र त्या फ्रिजला विचारून करत नाहीत. मे महिना लागला की पाण्याची चणचण असते, धरणाचं पाणी जपून वापरायचं, आणि त्याच कडक उन्हात जवळा, बोंबील, वाकट्या सुकवायचं काम. अंगणात जुन्या जाळ्याचा तुकडा पसरायचा, त्यावर जवळा पातळ पसरायचा, एका बाजूला कावळे, दुसऱ्या बाजूला मांजर, वर माकडं, आणि मधे काठी घेऊन सासूबाई. दुपारी एकदा हाताने फिरवायचा, मुठीत घेऊन दाबायचा, कुर्रर असा आवाज आला पाहिजे. मी दाबला की मला तो आवाज येतो, त्यांना येत नाही, म्हणतात अजून एक ऊन दे. सोळा वर्षांत माझा जवळा पहिल्या फेरीत पास झालेला नाही. मग पत्र्याच्या डब्यात भरून वरून झाकण घट्ट, आणि तो डबा जूनशिवाय उघडायचा नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. सरकारचा नियम आहे, माश्यांच्या विणीचा काळ. त्यात पर्यटक पण कमी, त्यामुळे दोन्ही हातांना काम नाही असे ते दिवस. आणि इथे रेडिओ येतो. आमच्या घरी जुना ट्रान्झिस्टर आहे, लाईट नव्हती तेव्हा सेलवर चालायचा आणि सेल संपत आले की सासूबाई ते उन्हात ठेवायच्या, दुपारभर तापवून परत घातले की अजून दोन दिवस बोलायचा. कशासाठी एवढं, तर गाण्यांसाठी नाही, हवामानासाठी. समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, एवढं एक वाक्य ऐकायला घरातले सगळे श्वास धरून बसायचे. तीन नंबरचा बावटा लागला म्हटलं की संपलं, लाँच बंद. मग दूध नाही, भाजीवाला नाही, पेपर नाही. कॉलेजला गेलेलं पोर उरणला मावशीकडे अडकलं की दोन दिवस तिकडेच. आता मोबाईलवर सगळं दिसतं, वाऱ्याचे बाण-बिण, माझी मुलगी दाखवते आजीला, आजी म्हणते ते राहू दे, रेडिओवाला काय बोलला?

माझ्या मुलीचं पण सांगते. ती पोटात होती तेव्हा आठवा लागताच मला माहेरी नेऊन ठेवलं, कारण तारीख ऑगस्टमधली आणि रात्रीबेरात्री कळा सुरू झाल्या आणि बाहेर उधाण असेल तर होडी काढणार कोण. सगळ्या बायकांचं असंच असतं आमच्यात, बाळंतपण पंचांगाने नाही भरती-ओहोटीने ठरतं. आता ती पुढच्या शाळेसाठी बोटीने जाते-येते. तिला बोट लागत नाही पण एसटी लागते, बोला.

पावसात एक मात्र आहे, डोंगर असा काही हिरवा होतो की बास. शेवळं, कंटोळी, टाकळा, कुरडू, भाजी विकत घ्यायची गरजच नाही. शेवळाची भाजी आणि त्यात त्या पत्र्याच्या डब्यातला जवळा, बाहेर धो धो पाऊस, ह्याच्यापुढे मला तरी काही नको. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मग खरा सीझन उघडला असं आमची जुनी माणसं मानतात, सरकारची तारीख काहीही असू दे. मग गणपती, मुंबईला नोकरीला गेलेले सगळे परत, घरात झोपायला जागा नाही. दिवाळीच्या सुट्टीपासून ते मेपर्यंत नुसती गर्दी, आणि मधे महाशिवरात्रीला जत्रा, तेव्हा मात्र येणारा माणूस फोटो काढायला नाही, लेण्यातल्या देवाला हात जोडायला येतो, उरण-पनवेलहून होड्या भरभरून. त्या एका दिवशी ती लेणी परत आमची वाटतात.

एक गोष्ट बोलू की नको असं वाटत होतं. 2024 च्या डिसेंबरमध्ये गेटवेहून इकडे येणाऱ्या बोटीला अपघात झाला, माणसं गेली. त्या संध्याकाळी आम्ही पायऱ्यांवर बसलोच नाही, सगळे धक्क्यावर. कोणाचा भाऊ लाँचवर कामाला, कोणाचा दीर, फोन लागत नाहीत. आमचे हे मुंबईला माल आणायला गेले होते, कुठल्या बोटीने निघाले ते माहीत नाही. त्यांचा फोन आला साडेसातला, अजून मशीद बंदरलाच होते. मी फोनवर काय बोलले माहितीये, टोप्या मिळाल्या का. दुसरं काही तोंडातून बाहेरच आलं नाही. आता लाँचमध्ये लाइफ जॅकेट घालायला सांगतात, आणि कोणी केस खराब होतात म्हणून काढून ठेवलं तर मी ओळख नसताना पण ओरडते.

बरं, हे रेडिओचं रेकॉर्डिंग दुपारी चालू आहे आणि माझं लक्ष घड्याळाकडे आहे, कारण इथून धक्क्यावर जायचं, तिथून लाँच, आणि ओहोटी मोठी असेल तर मोऱ्याला, म्हणजे उरणच्या बंदराला, गाळात लाँच लागत नाही, थांबवून ठेवतात. पण तुम्ही हे ऐकाल तेव्हा मी घरीच असेन. ट्रान्झिस्टर मधे, एका बाजूला मी आणि एका बाजूला सासूबाई. आता त्यात सेल नाही, वायर लावलीय, तरी दोन जुने सेल त्यांनी खिडकीत ठेवलेत, ऊन लागेल असे. मी विचारलं आता कशाला, तर म्हणाल्या असू दे.

आई, जवळ्याचा डबा मी उघडला नव्हता. मुलीने उघडला. आणि एवढं ऐकून झालं की झोपा, दहा वाजत आले.