खोकल्याने नाही मरणार

गोष्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी शेवटासकट सांगून टाकतो, कारण शेवट फुटला तरी हिचं काही बिघडत नाही, उलट शेवट माहीत असला की खरी मजा सुरू होते. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’, म्हणजे अमॉन्टिलाडो नावाच्या स्पॅनिश दारूचं पिंप. १८४६ च्या नोव्हेंबरमध्ये गोडीज लेडीज बुक नावाच्या अमेरिकन मासिकात छापून आली. इटलीतलं कुठलंसं शहर, कार्निव्हलची संध्याकाळ, सगळे प्यायलेले, आणि मॉन्ट्रेसर नावाचा माणूस फॉर्च्युनाटो नावाच्या ओळखीतल्या बड्या माणसाला ‘अमॉन्टिलाडो घेतलीय पण अस्सल आहे की नाही शंका आहे’ असं सांगून आपल्या वाड्याच्या तळघरात नेतो, जिथे दारूची पिंपं आणि पूर्वजांची हाडं शेजारी शेजारी आहेत, आणि एका कोनाड्यात त्याला साखळीने जखडून समोर भिंत बांधून टाकतो. जिवंत.

आता बघा, हे सगळं पोने लपवलेलंच नाही. पहिल्याच परिच्छेदात मॉन्ट्रेसर सांगतो की मी सूड घ्यायचं ठरवलं. म्हणजे रहस्य वगैरे काही नाही, आपल्याला माहितीय, त्याला माहितीय, फक्त ज्याचा जीव जाणार त्यालाच माहीत नाही. नाट्यगत उपरोध म्हणतात तो हाच. फॉर्च्युनाटो नावातच नशीबवान आहे आणि अंगावर विदूषकाचे रंगीबेरंगी कपडे, डोक्यावर घुंगरू लावलेली उंच टोपी. त्याला खोकला झालाय, तळघराच्या भिंतींवर सोऱ्याचे, म्हणजे पांढऱ्या क्षाराचे थर आणि ओल, मॉन्ट्रेसर अगदी काळजीने म्हणतो की चल परत जाऊ, तुझी तब्येत महत्त्वाची, आणि हा म्हणतो, खोकल्याने काय मी मरणार नाही. मॉन्ट्रेसर म्हणतो, खरंय, खरंय.

या ‘खरंय’वर मी दर वेळी थांबतो. कारण तो खोटं बोलत नाहीये! खोकल्याने मरणार नाहीच ना तो. अख्ख्या गोष्टीत मॉन्ट्रेसरने मारलेली मोठी थाप एकच, दारूची. बाकी तो जवळजवळ खरंच बोलत जातो, फक्त त्या खऱ्याचा दुसरा अर्थ फक्त त्याच्याकडे आहे. ओल बाधू नये म्हणून दिलेली बाटली फॉर्च्युनाटो ओठांना लावतो, आजूबाजूला पुरलेल्यांच्या नावाने, आणि मॉन्ट्रेसर म्हणतो, आणि मी तुझ्या दीर्घायुष्यासाठी. पुढे हा आणखी एक घोट मागतो तेव्हा त्याच्या हातात दुसरी बाटली देतो, तिचं नाव द ग्राव्ह, बोर्दोकडची वाईन, पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात थडगंच दिसणार. हा ती एका दमात रिकामी करतो.

आणि मग मेसनचा प्रसंग, जो मला सगळ्यात आवडतो. तीच रिकामी बाटली फॉर्च्युनाटो हवेत उडवतो आणि हाताने एक विचित्र खूण करतो. मॉन्ट्रेसरला कळत नाही. तू मेसन नाहीस? म्हणजे फ्रीमेसन, ती गुप्त मंडळी, तिच्यातला नाहीस? मॉन्ट्रेसर म्हणतो, आहे की. छट्, तू? शक्यच नाही, खूण दाखव. आणि मॉन्ट्रेसर अंगरख्याच्या घड्यांमधून थापी काढून दाखवतो. गवंड्याची थापी! इंग्रजीत गवंड्यालाही मेसनच म्हणतात. ज्या हत्याराने याची भिंत रचली जाणार आहे ते हत्यार त्याच्या नाकासमोर धरलंय, आणि हा म्हणतो, तू चेष्टा करतोयस, चल, अमॉन्टिलाडोकडे चल. इतकं उघडं सांगून झाल्यावर आणखी काय सांगायचं माणसाला?

शाळेत श्लेषाचं उदाहरण आपण सगळ्यांनी घोकलंय, हे मेघा तू सर्वांना जीवन देतोस. तिथे दोन्ही अर्थ ऐकणाऱ्या प्रत्येकाला मिळतात, कोणी बाहेर राहत नाही. पोचा श्लेष माणसं वेगळी काढतो, आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवतो, आणि आपण, म्हणजे वाचक, नकळत आतल्या बाजूला, खुन्याच्या शेजारी जाऊन बसतो. हसतोसुद्धा. हे जरा घाणेरडं आहे आणि पोला ते पक्कं माहिती आहे.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. मॉन्ट्रेसरने सुरुवातीलाच सुडाचे दोन नियम सांगितलेत. एक, सूड घेणाऱ्यावर उलटून काही येता कामा नये. दुसरा, ज्याच्यावर सूड घेतोय त्याला कळलं पाहिजे की हा सूड आहे आणि तो कोण घेतोय. पहिला नियम त्याने पाळला, पन्नास वर्षं झाली तरी कोणी तिथे हात लावला नाही असं तो स्वतः सांगतो. पण दुसऱ्याचं काय? अशा श्लेषाची गंमत ही की समोरच्याला कळला नाही तरच तो चालतो, आणि सूड मात्र समोरच्याला कळला तरच पुरा होतो. दोन्ही एकाच तोंडाने कसं करणार? तळघरात तो एकामागून एक कोट्या करत गेला, सगळ्या वाया गेल्या, म्हणजे त्या माणसासाठी वाया गेल्या.

शेवटची पानं या नजरेने वाचा. भिंतीच्या अकरा ओळी, अकरावी पुरी व्हायला एकच दगड राहिलाय. आतून बारीक हसू येतं आणि फॉर्च्युनाटो म्हणतो, छान विनोद आहे, वाड्यावर गेल्यावर यावर खूप हसू. चल जाऊया. मॉन्ट्रेसर म्हणतो, हो, जाऊया. मग आतून येतं, देवाशपथ, मॉन्ट्रेसर! अख्ख्या गोष्टीत त्याने याला नावाने हाक मारलीय ती इथे, पहिल्यांदा आणि शेवटी. आणि मॉन्ट्रेसर तेच शब्द परत फेकतो, हो, देवाशपथ! इथपर्यंत प्रत्येक वाक्याला प्रतिवाक्य होतं. आता तो उत्तराची वाट बघतो आणि उत्तर येत नाही. अधीर होतो, हाक मारतो, फॉर्च्युनाटो! काही नाही. परत हाक मारतो. टोपीची घुंगरं वाजतात तेवढंच. शब्दांचा इतका हौशी माणूस आणि समोरचा खेळायचाच थांबला! मग तो म्हणतो की मला कसंसंच झालं, तळघरातल्या ओलीमुळे. ओलीमुळे, म्हणे. सगळ्या गोष्टीभर दुसऱ्याला माहीत नसलेलं आपल्याला माहीत होतं, आणि या एका वाक्यात बाहेर राहिलेला माणूस मॉन्ट्रेसर आहे, त्याला स्वतःचंच कळलेलं नाही, आपल्याला कळतंय. काही जण म्हणतात की ते ओलीचं कारण म्हणजेही त्याची शेवटची थट्टा आहे. असेल, पण मग पन्नास वर्षांनी तो ही गोष्ट कोणाला आणि कशाला सांगतोय, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते म्हणून सांगतो. त्याच वर्षी पोचं थॉमस डन इंग्लिश या लेखकाशी जोरात जुंपलं होतं, पोने याच मासिकात त्याच्यावर लिहिलं, त्याने न्यूयॉर्क मिररमध्ये उत्तर दिलं, पोने पेपरवर बदनामीचा दावा लावला आणि १८४७ मध्ये त्याला २२५ डॉलर मिळाले. गोष्टीचा राग तिथून आला असेलही. पण तेवढ्याने कोट्या कशा रचल्या ते समजत नाही, राग सगळ्यांनाच येतो.

आता प्रश्न विचारा. फक्त फॉर्च्युनाटोने नेमका काय अपमान केला होता हे मला विचारू नका. पोने ते कुठेही लिहिलेलं नाही, आणि मॉन्ट्रेसरनेही भिंत बांधताना त्याला ते एकदाही सांगितलेलं नाही.