मोदकाची पारी आणि बाकदार पत्रा

(मिरकरवाडा बंदर, पहाट. बर्फ फोडल्याचा आवाज.)

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात पहाटे मासळी उतरते, तेव्हा सगळी घाई बर्फाची. मासळी गार राहिली तर भाव. ॲल्युमिनियम जोडायच्या एका निराळ्या पद्धतीला पहिलं मोठं काम मासळीनंच मिळवून दिलं. इथं नव्हे, तिकडे स्वीडनमध्ये. १९९६च्या सुमारास मासेमारी बोटींवरच्या फ्रीझरची पॅनेलं अशी जोडली गेली. पद्धत निघाली होती इंग्लंडमध्ये, १९९१ साली. नाव फ्रिक्शन स्टर वेल्डिंग.

यात ठिणगी नाही, रॉड नाही, धातू वितळतसुद्धा नाही. गरगर फिरणारं टूल सांध्यात दाबायचं. टोकाची पिन आत शिरते, तिच्या वरचा रुंद खांदा पत्र्यावर घासतो. शुद्ध ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. इथं धातू वितळण्याआधीच मऊ पडतो आणि दोन्हीकडचा एकात एक मळला जातो. उकड मळावी तसा.

सपाट पत्र्यावर हे जमतं. ५ मिलिमीटरच्या पत्र्याला पिन साधारण ४.८ची. टूल कमी बसलं तर तळाशी चीर राहते, आणि वरून सांधा देखणाच दिसतो. हीच त्यातली खोड. जास्त बसलं तर कडेनं धातूची झालर निघते, सांधा पातळ होतो, पिन खालच्या आधाराला खरवडते.

(टूलचं जवळून दृश्य.)

आता त्याच पत्र्याला बोटीच्या पोटासारखा बाक द्या. फुगीर भागावर खांद्याची कड अधांतरी राहते, खोलगट भागात तीच कड रुतते. टूलनं बाकाबरोबर कलत जायचं, तेही किंचित मागे रेलून, दोन-तीन अंश. रोबोचा हात असेल तर शेकडो किलोंच्या दाबानं तो स्वतःच थोडा मागे लवतो. मग पडद्यावर खोली बरोबर आणि प्रत्यक्षात चूक.

मोदकाची पारी करताना अंगठा किती मिलिमीटर आत गेला, हे कोण मोजतं? बोटाला दाब कळतो. यंत्रालाही तेच शिकवतात. स्पिंडलपाशी, म्हणजे टूल फिरवणाऱ्या दांड्यापाशी, दाब मोजायचा. घटला की टूल खाली, वाढला की वर.

पण पारीसारखा धातूही फसवतो. सांधा पुढे सरकतो तसा पत्रा तापतो, मऊ होतो, आणि तेवढ्याच दाबाला टूल जास्त खोल जातं. म्हणून नुसत्या दाबावर भिस्त ठेवत नाहीत. खोलीलाही मर्यादा घालून देतात.

(वाकवायचं यंत्र.)

शेवटी सांध्याची पट्टी कापून, तळाची बाजू बाहेर ठेवून वाकवतात. टूल जिथं कमी बसलं असेल, तिथं चीर तोंड उघडते.